खाली

सात नंबरच्या टेबलापाशी मला उभं केलं.
एनसीसीची टोपी, उसने बूट, आणि एकच काम :
दर दोन मिनिटांनी ओरडायचं,
बघा, हात लावू नका.
नोड्री, मुट्टब्याड्री.
देखिए, छूना मना है.
दुपारपर्यंत तिन्ही भाषा घशात एकच झाल्या
आणि पोरं हात लावतच होती.

बेळगाव, कॅम्प, शनिवार. मैदानावर तंबू,
तंबूत हिरव्या बनातीवर निजवलेल्या बंदुका,
प्रत्येकीच्या चेंबरमधून ओवलेला नारिंगी दोरा,
बैलाच्या नाकात वेसण असावी तसा.
मागं भरमाण्णा हलगेकर, रिटायर आर्मरर.
सकाळपासून दहादा त्यानं दोरे चाचपले,
जशी एखादी बाई गॅस बंद केलाय का बघायला
रिक्षातून उतरून परत घरात जाते.

मी म्हटलं, "अण्णा, सकाळीच बघितलासा की."
"सकाळी बघितलेली सकाळची," म्हणाला,
"आत्ताची कोण बघायची?"

खानापूरकडचा एक म्हातारा बराच वेळ रेंगाळला.
रताळ्याच्या शेतापुरती त्याचीही एक होती, लायसनची.
"इलेक्शनला ठाण्यात जमा केलीया,
डुकरांना कोण सांगणार आचारसंहिता!"
आम्ही हसलो. भरमाण्णानं विचारलं,
"एरवी कुठं ठेवतोस?"
"दारामागं."
"आणि काडतुसं?"
"तिथंच की, खुंटीला."
"नातवंडं?"
"तीन."
"म्हणजे चौघांची बंदूक म्हण."
म्हातारा हसायचं थांबला.
मुंडाशाचं टोक त्यानं उगीच एकदा सोडून पुन्हा खोवलं.

चार वाजता पाहुणे आले.
गळ्यात हार, पुढं फोटोवाला इरण्णा,
मागं टाळ्यांसाठी मोकळे ठेवलेले हात.
रायफल उचलली, गालाला लावली,
बोट जिथं नको तिथं,
नळी सरळ इरण्णाच्या छातीवर.
इरण्णा एक डोळा मिटून उभा,
त्याचाही नेमच चालला होता.

भरमाण्णानं नळीवर तळहात ठेवला. "खाली."
पाहुणे हसले. "खालीच हाय की हो!
भिताय कशाला?"

एवढ्याशा शब्दात आमचा अख्खा मुलूख बसतो.
कन्नडात खाली म्हणजे रिकामं,
मराठीत खाली म्हणजे जमिनीकडं,
आणि आम्ही दोन्ही बोलतो, एका दमात,
बस खाली हाय, खाली बस.
आजवर कुणाचं काही अडलं नव्हतं.

"मी दिशा सांगालोय, साहेब,
तुम्ही भरवसा सांगालाय."
तळहात तसाच. नळी हळूहळू
इरण्णाच्या पट्ट्याकडं, गुडघ्याकडं, मग मातीकडं.
हार जरा चुरगळला.
टाळ्या वाजवाव्यात की नाही, कुणालाच कळेना.

दिवे लागले तेव्हा तंबूचे दोर सुटत होते.
एकेक पेटीत भरण्याआधी त्यानं बोल्ट मागं ओढला,
करंगळी आत घातली.
"डोळा चुकतो," एवढंच म्हणाला.
मग माझ्याकडं सरकवून, "आता तू."
"तुम्ही बघितलासा की."
"म्हणूनच."

घातली करंगळी. गार. तेलकट. पुढं काही नाही.
एकोणीस वर्षांच्या आयुष्यात पहिल्यांदाच मी
'काही नाही'ला बोट लावून बघितलं.
तशा अठरा पेट्या झाल्या. अठरा वेळा त्याची करंगळी,
अठरा वेळा माझी.
आठव्याला कंटाळा आला होता, तो त्यानं ओळखला,
आणि ती मला पुन्हा बघायला लावली.

इरण्णा स्टँड गुंडाळून निघाला होता, तो परत वळला,
टेबलावर कुंद्याचा पुडा ठेवला, आणि गेला.
कशाबद्दल, ते बोलला नाही.
भरमाण्णानं पुडा उघडला,
उजवा हात पाठीमागं धरून डाव्यानं तुकडा मोडला.
"तेल हाय हाताला," मला म्हणाला, "तू पण डाव्यानंच घे."